पाठकोरे

कन्ना चौकातल्या कार्यालयात, जिन्याखाली,
अजून साडेतीन गठ्ठे आहेत.
मागल्या पोटनिवडणुकीची पत्रकं :
‘फुकटाची सवय, देशाची कबर.’
ओळ माझी.
हविनाळे अण्णा तेव्हा पाठीवर थाप मारून म्हणाले होते,
“आळंगे, यमक जुळलं नाही, पण मुद्दा जुळला.”

मी सूतगिरणीत हिशेबनीस.
गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हाही
सरकारच्या दारात उभा राहिलो नाही.
टॉवेलचं दुकान टाकलं, बँकेचा हप्ता एकदाही चुकवला नाही.
माणसानं आपल्या हिमतीवर खावं,
एवढंच माझं राजकारण.
बाकीचं भाषणवाल्यांनी वाढवलं.

मग तो जूनचा निकाल.
शेळगीपासून अक्कलकोट रोडपर्यंत
बूथमागून बूथ, आमच्या नावापुढे
लग्नात आहेर न आणणाऱ्यांच्या यादीसारखे आकडे.
तिकडे राजधानीत मित्रपक्ष रात्रीत उठून गेला,
सरकार कशावर उभं आहे
ते टीव्हीवाले बोटांवर मोजत होते.
कार्यालयात तीन दिवस चहा आला नाही.
लिंगप्पा म्हणाला, “उधारी कुणाच्या नावावर लिहू
ते आधी ठरवा की ओ.”

चौथ्या दिवशी वरून एक माणूस आला.
ओरडला नाही. पंखा बंद करायला सांगितला,
आणि विचारलं,
“इथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं?”
पाचव्या.
“आणि तुम्ही लोकांना काय सांगता?”
कुणीच बोललं नाही.
पंखा नसल्यानं ते जास्तच ऐकू आलं.

त्यानं फक्त एक शब्द बदलला.
फुकट म्हणायचं नाही.
हक्काचं तर डावे म्हणतात.
आपण म्हणू, सन्मानाचं.
अण्णांनी तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.
तीस वर्षांची भूमिका
दुपारच्या जेवणाआधी वळली.
जेवणात कडक भाकरी होती, शेंगाची चटणी,
आणि सगळे नीट जेवले. मीही.

पुढच्या सोमवारी मेरगू आला,
ज्याच्या विरोधात तीन तक्रार अर्ज
माझ्याच अक्षरात आहेत.
गळ्यात आमचं कोरं उपरणं,
टोकाला किमतीची चिठ्ठी लोंबतेय.
फोटोवाला थांबला, सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी दातानं दोरा तोडला.

अर्ज भरायला बायका पहाटेपासून.
दत्तनगर, विडी घरकुल, साखर पेठ,
रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत.
टोकनाचे कागद अकराला संपले.
मी जिन्याखालचा एक गठ्ठा काढला,
पानाचे चार तुकडे,
कोऱ्या पाठीवर नंबर.
हिशेबनीस माणूस, कागद वाया घालवत नाही.

नरसम्मानं तिचा तुकडा उलटा केला.
रात्रशाळेत शिकलेली,
अक्षराला अक्षर लावत, तंबाखूच्या बोटानं :
फु. क. टा. ची.
“कुणी लिवलं ओ हे?”
“जुना कागद आहे, मावशी.”
तिनं तो नाकाशी धरला.
“जुना कुठं? शाईचा वास येलालाय की.”
मग घडी घालून
विडीच्या पानांच्या सुपात ठेवला.
“माझा नंबर किती म्हणालाव?”
दोनशे सोळा.

महापालिका आली. पेढे आले.
लिंगप्पाची उधारी मेरगूनं भागवली.
सरकारही टिकलं, कसं ते
टीव्हीवाले आता मोजत नाहीत.

काल रात्री अण्णांचा फोन.
“आळंगे, तिजोरीत खडखडाट आहे,
वरून काटकसरीचं धोरण येतंय.
तुमची ती जुनी ओळ होती ना, कबरीची?
एखादं पत्रक सापडेल का?”

“नाही सापडत, अण्णा,” म्हणालो,
जिन्याखाली,
गठ्ठ्यावर बसून.